बाबांच्या फोनवर 'व्हायरस आला'च्या सूचना आणि दिवसभर कर्जवाल्यांचे कॉल, काय करावं?

कऱ्हाकाठ:
नमस्कार मंडळी. बाबा गावी एकटे असतात, सत्तरी उलटली आहे. अँड्रॉइड फोनवर दिवसभर 'तुमच्या फोनमध्ये 13 व्हायरस, ताबडतोब साफ करा' अशी लाल सूचना येते. शिवाय कर्ज, प्लॉट, क्रेडिट कार्डवाल्यांचे कॉल. बाबा आता अनोळखी नंबर घ्यायलाच घाबरतात, त्यात दवाखान्यातून आलेला फोनही राहिला. दुकानदार म्हणतो, फोन रिसेट करा आणि अँटिव्हायरस विकत घ्या. रविवारी गावी जातोय. नेमकं काय करू?

तगर:
रिसेट नको, विकत तर काहीच नको. कुठल्याही वेबसाइटला फोनच्या आतले व्हायरस मोजता येत नाहीत, ती निव्वळ जाहिरात आहे. बहुतेक वेळा होतं असं, की भजनं नाहीतर सिनेमे उतरवायच्या साइटवर 'तुम्ही रोबो नाही ना? मग अलाउ दाबा' असं येतं. माणूस दाबतो, आणि त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळते. मग साइट बंद केली तरी सूचना येतच राहतात.
क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. अनोळखी नावं ब्लॉक करा आणि वरचं मुख्य बटणही बंद करा, म्हणजे पुन्हा कुणी विचारणार नाही. बाबांना शेजारी बसवून त्यांच्याच हाताने करून घ्या, भीती त्यानेच जाईल.

खडीसाखर:
क्रोम बंद असताना पूर्ण पडदा भरून जाहिरात येत असेल, तर ते एखाद्या अ‍ॅपचं काम. टॉर्च, क्लीनर, बॅटरी सेव्हर असली अ‍ॅप्स आधी काढा. सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स' (म्हणजे दुसऱ्या अ‍ॅप्सच्या वर दिसण्याची) ही परवानगी कुणाकुणाला आहे तेही बघा.
आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलान म्हणून एपीके (म्हणजे अ‍ॅप बसवणारी) फाइल आली, तर कुणीही पाठवलेली असो, उघडायची नाही. त्यातून एसएमएस वाचले जातात आणि ओटीपी परस्पर जातो. जाहिराती परवडल्या, हे नाही.

रानवाट:
कॉलसाठी सोपं आहे. अनोळखी सगळे नंबर सायलेंट करून टाका, विषय संपला.

तगर:
रानवाट, वयस्क माणसाच्या फोनवर हे करू नये असं मला ठामपणे वाटतं. दवाखाना, गॅसवाला, पोस्टमन, सगळे साध्याच नंबरवरून बोलतात. त्यापेक्षा हे नंबर नावानिशी सेव्ह करून द्या. मग बाबांच्या फोनवरून 1909 ला एसएमएस करा: इंग्रजीत स्टार्ट, एक जागा सोडून 0. जाहिरातींचे कॉल बंद करण्याची नोंद होते, बँकेचे ओटीपी येत राहतात. तरीही साध्या दहा आकडी नंबरवरून कुणी कर्ज विकायला आलं, तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, डीएनडी अ‍ॅपवर तक्रार करा. मुदत सात दिवसांची आहे, आधी तीनच होती.

कऱ्हाकाठ:
खूप आभार. एक राहिलंच. मध्यंतरी 'पोलीस बोलतोय, तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय' असाही एक कॉल आला होता. पैसे गेले नाहीत, पण त्या रात्री बाबा झोपले नाहीत.

खडीसाखर:
वाचूनच संताप आला. बाबांना स्पष्ट सांगा, डिजिटल अरेस्ट नावाचं काही आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक होत नाही. तो नंबर सरकारच्या संचार साथी अ‍ॅपमधल्या 'चक्षू' या तक्रारीच्या सोयीवर कळवा, पण कॉलला 30 दिवस उलटायच्या आत. आणि कधी पैसे गेलेच, तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मुलगा रागावेल म्हणून वयस्क माणसं दोन-दोन दिवस सांगत नाहीत, तोवर रक्कम पुढच्या खात्यांत फिरलेली असते. तेव्हा रविवारी त्यांना एवढं नक्की सांगा, की काही झालं तरी तुम्ही रागावणार नाही.