मदत हवी आहे: व्हिटॅमिन सी सीरम चहासारखं झालंय, टाकून द्यावं का?

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांगाचे डाग आलेत. स्किनच्या डॉक्टरांनी सकाळी व्हिटॅमिन सी सीरम आणि त्यावर सनस्क्रीन लावायला सांगितलं. मार्चमध्ये एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडची (म्हणजे व्हिटॅमिन सीचीच) १५ टक्केवाली बाटली आणली. तेव्हा अगदी पाण्यासारखं होतं.

आम्ही अकोल्याचे. मे महिन्यात इथे काय तापतं ते सांगायला नको, आणि बाटली माझी बाथरूमच्या खिडकीत, ब्रशांशेजारी! आधी पिवळसर झालं, आता चक्क कोरा चहा. ड्रॉपरला आतून तांबूस कड आलीये, पांढऱ्या टॉवेलवर केशरी डाग पडतात. अर्धी बाटली शिल्लक आहे, सव्वाआठशे मोजलेत, त्यामुळे टाकायला जीव होत नाही. लावत राहिले तर काही होईल का? सासूबाई म्हणतात, लिंबू चोळ, त्यातही सीच असतं.

प्रतिसाद १:
टाका हो. उन्हाने त्वचेत जे फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) तयार होतात त्यांच्याशी झुंजताना हे स्वतः ऑक्सिडाइज होतं, तेच त्याचं काम. तुमचं बाटलीतच हवा-उजेडाशी झुंजून संपलंय, गालाला काय मिळणार? हलका पिवळा रंग एकवेळ चालतो, चहा नाही.

लिंबू तर मुळीच नको. त्याचा रस लागलेली त्वचा उन्हात भाजते आणि नवे काळे डाग उठतात. माझ्या मावसबहिणीच्या हनुवटीवर दोन महिने होता तसा एक. सीरमही आम्लच, पीएच साडेतीनच्या खाली असल्याशिवाय ते त्वचेत नीट शिरत नाही (म्हणून तर झोंबतं), पण ते मोजूनमापून बनवलेलं असतं.

नवीन घेताना गडद काचेची, लहान बाटली घ्या. सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक ॲसिड असेल तर जास्त टिकतं. २० टक्क्यांच्या वर जाऊ नका, फायदा वाढत नाही, जळजळ वाढते.

प्रतिसाद २:
व्हिटॅमिन सी मेलॅनिन (त्वचेला काळसर करणारं रंगद्रव्य) बनवणाऱ्या एन्झाइमला आवर घालतं, पण हळूहळू. वांगात खरी मदार सनस्क्रीनवर. डॉक्टरांना आयर्न ऑक्साइडवाल्या टिंटेड सनस्क्रीनबद्दल विचारा, साध्या उजेडानेही वांग गडद होतो.

धागाकर्ती:
धन्यवाद! ओतलं एकदाचं. नवीन बाटली फ्रीजच्या दारात ठेवली तर चालेल ना? वरच्या कप्प्यात ठेवावी लागेल, खालच्यात धाकट्याचा हात पोचतो.