इलेक्ट्रिक अपराइट बेसवर रॉकबिली स्लॅप जमतो का?

बेसूर_मी:
मंडळी नमस्कार, प्रश्न जरा आडवळणाचा आहे. मी लीड्सला असतो, बारा वर्षं बेस गिटार वाजवतोय, आणि आता ऑफिसातल्या दोघांनी रॉकबिली (कंट्री आणि ब्लूज मिसळून झालेलं 1950च्या दशकातलं रॉक अँड रोल) ट्रायो, म्हणजे तिघांचा बँड, काढलाय. एक इलेक्ट्रिक गिटार, एक जण गातो आणि अकूस्टिक बडवतो, तिसरा मी. ड्रमर नाही, मुद्दामच नाही, कारण त्यांना 1954 च्या मेम्फिसचा, सन स्टुडिओतला तो एल्व्हिस (गायक)-स्कॉटी मूर (गिटार)-बिल ब्लॅक (बेस) असा साऊंड पाहिजे. म्हणजे स्लॅप (तार ओढून सोडायची आणि बोर्डवर थाप मारायची) मीच करायचा आणि ड्रमही मीच व्हायचं.
अडचण अशी की आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गाडी छोटी, आणि खालच्या आजी रात्री आठला झोपतात. म्हणून सेकंडहँड इलेक्ट्रिक अपराइट घेतला, म्हणजे पोकळ पेटी नसलेला उभा डबल बेस, ट्रायपॉड स्टँडवाला, सॉलिड बॉडीचा. हेडफोन लावून साधं वाजवलं की मस्त गोल आवाज येतो, पण स्लॅप केला की हेडफोनमध्ये नुसतंच टुम, टुम. टक कुठे गेला? बायको म्हणते, शेजारच्या खोलीत उलट फक्त टकटक ऐकू येतं, कोणीतरी कांदा चिरतंय असं वाटतं. चूक माझ्या हाताची आहे की वाद्याची?

प्लायवूडप्रेमी:
चूक खरेदीची :) विकून टाक आणि साधा प्लायवूडचा थ्री-क्वार्टर साइजचा डबल बेस (व्हायोलिनच्या घराण्यातला तो माणसाएवढा) घे. बिल ब्लॅकचा पण के कंपनीचा प्लायवूडचाच होता, तोच पुढे पॉल मॅकार्टनीकडे गेला. महागडं कोरीव लाकूड लागत नाही या संगीताला, आपटायलाच तर घ्यायचाय.

बेसूर_मी:
अहो तिसरा मजला!! लिफ्ट नाही!!

ढोलकीवाला_न्यूजर्सी:
थांबा, लगेच विकू नका. वहिनींनी कांद्याचं सांगितलं त्यातच उत्तर आहे. स्लॅपमध्ये दोन वेगळे आवाज असतात. तार बोटांनी आकडा करून बाहेर ओढून सोडली की ती परत येऊन फिंगरबोर्डवर (बोटं दाबतात त्या पट्टीवर) आपटते, तिथे सूर आणि एक टक मिळतो. मग दोन सुरांच्या मधल्या जागेत पंजा बोर्डवर मारतो, तो नुसता टक, त्यात सूर नाहीच. ढोलकीला जसं एका बाजूला घुमारा आणि दुसऱ्या बाजूला शाईवरचा टणक बोल, तसंच, फक्त दोन्ही एकाच हाताने. डबल बेसमध्ये हा टक पोकळ पेटीतून घुमून बाहेर पडतो. तुमच्या वाद्याला पेटीच नाही, पिकअप (कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा) बसलाय ब्रिजमध्ये (तारा टेकतात त्या घोडीत), तो ऐकतो तारेचं. बोर्डवरची थाप तिथपर्यंत पोचते पण मरतुकडी होऊन.
म्हणून उपाय म्हणजे दुसरा पिकअप. रॉकबिलीवाले अकूस्टिक बेसवर पण हेच करतात, एक पीझो (कंपनाचा दाब टिपणारा पिकअप) ब्रिजला सुरासाठी आणि एक पीझोची चकती फिंगरबोर्डच्या खाली टकसाठी, दोन्हीचे व्हॉल्यूम वेगळे. के अँड के, शॅडो या कंपन्यांचे असे तयार सेट मिळतात. आधी मात्र साधी चकती आणून दुहेरी टेपने चिकटवून बघा, अगदी किरकोळ खर्च आहे. तुमच्या वाद्याचा बोर्ड पूर्ण लाकडाला चिकटलेला असेल तर खाली बोट जाणार नाही, मग ब्रिजकडच्या टोकाला बाजूने लावा आणि थोडी थोडी सरकवत ऐका. दोन इंचांनी सुद्धा आवाज बदलतो.
आणि एक, दोन्ही वायरी एकत्र पिळून एका जॅकमध्ये घालू नका, एक दुसऱ्याला खाऊन टाकतो. दोन चॅनलचा प्रीअँप (सिग्नल वाढवणारी छोटी पेटी) घ्या किंवा सरळ मिक्सरवर दोन वेगळे चॅनल.

बेसूर_मी:
हे कोणी आधी का सांगितलं नाही! चकती मागवतो. तारांचं काय पण? माझ्यावर स्टीलच्या आहेत, दहा मिनिटांत बोटं सोलून निघतात.

नाशिकचा_बाळू:
स्टीलवर स्लॅप होतो, लोक करतात, पण शिकताना नको. ताण जास्त, ओढायला जीव जातो आणि आवाज पण तारेसारखा खणखणीत येतो. जुन्या रेकॉर्डवरचा तो जाड, लगेच विझणारा ठोका आहे ना तो गट स्ट्रिंगचा. गट म्हणजे शब्दशः आतडं, मेंढीचं. आपल्याकडे त्याला तात म्हणतात. लहानपणी दारावर पिंजारी यायचा गाद्यांचा कापूस पिंजायला, त्याच्या धनुकलीच्या तातीचा आवाज आठवतोय का? टुंऽव टक, टुंऽव टक. मी पहिल्यांदा स्लॅप बेस ऐकला तेव्हा मला तोच आठवला, खोटं नाही सांगत.
खरी तात महाग, शिवाय दमट हवेत उतरते. त्यामुळे हल्ली बरेच जण नायलॉनच्या किंवा सिंथेटिक तारा लावतात, ताण कमी, बोटांना मऊ. घेण्याआधी दोन गोष्टी बघ. एक, तुझा पिकअप मॅग्नेटिक असेल तर नुसत्या नायलॉनचा आवाज येणारच नाही, लोखंड नाही तर चुंबक काय ओढणार. पीझो असेल तर चिंता नाही. दुसरं, या तारा जाड असतात, नट (वरच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि ब्रिजच्या खाचेत बसल्या पाहिजेत, बसत नसतील तर माहितगाराकडून खाच रुंद करून घे, घरी कानस घेऊन बसू नकोस.

बेसूर_मी:
मेंढीचं हे घरी सांगणार नाही, वारी करणारी माणसं आहेत. सिंथेटिकच बरं.

पुणेरी_लो_एंड:
मी तीन वर्षं इलेक्ट्रिक अपराइटवर स्लॅप करतोय म्हणून जरा वेगळं सांगतो. पिकअप आणि तारा सोडवता येतात, खरा त्रास स्टँडचा. डबल बेस तुम्ही कमरेला आणि मांडीला टेकवून धरता, त्यामुळे थाप मारली की तो अंग चोरत नाही. ट्रायपॉडवरचं वाद्य फटक्याबरोबर गर्रकन फिरतं. माझं पहिल्या गिगला (कार्यक्रमाला) दुसऱ्याच गाण्यात प्रेक्षकांकडे पाठ करून उभं राहिलं होतं, मी मागे मागे फिरतोय. आता स्टँडचा एक पाय पायाखाली दाबतो आणि वाद्याच्या पाठीला डावा गुडघा लावतो. काहींना खाली एंडपिन (जमिनीवर टेकायची सळई) आणि बाजूला शरीराला टेकायची फ्रेम असते, यामाहाच्या सायलेंट बेसला आहे तशी, ते स्लॅपला जास्त बरे.
आणि हळू मारा हो! बेस गिटारवरून येणारे सगळे अंगठ्याने हातोडा मारायला जातात. इथे अंगठा नाहीच. मनगट सैल, पंजा आपोआप पडला पाहिजे. सिंगल स्लॅपवर महिनाभर राहा, म्हणजे टुम-टक टुम-टक, मेट्रोनोम 100 ला. डबल, ट्रिपल नंतर.
उलट फायदा पण ऐका. जोरात वाजणाऱ्या पबमध्ये डबल बेसची पेटी घूं करून फीडबॅक देते, सॉलिड बॉडीला ते दुखणं जवळजवळ नाही. प्लायवूडप्रेमी मान्य करणार नाहीत.

प्लायवूडप्रेमी:
फीडबॅकचं मान्य. पेटीत टॉवेल कोंबतो मी. बाकी नाही.

साऊंडवाला_ठाणे:
मिक्सरच्या बाजूने एवढंच, टकच्या चॅनलचा खालचा सगळा भाग कापून टाका, 300-400 हर्ट्झच्या खाली काही नको तिथे, नाहीतर स्टँडची धडधड पण येईल. सुराच्या चॅनलला 35-40 वर हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर), मोकळी ई तारच 41 ला आहे. पीझो थेट साध्या लाइन इनपुटला लावला तर आवाज पातळ, कागदासारखा येतो, त्याला 1 मेगाओहम किंवा वरचा इनपुट लागतो. आणि टकचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) बघून वाढवा, सगळ्यांना वाढवायची हौस असते, मग टाइपरायटर होतो.

बेसूर_मी:
अपडेट. चकती लावली, बोर्डच्या टोकाला डाव्या बाजूने. मंडळी, टक आला!! हेडफोनमध्ये पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकलो. काल रिहर्सलला गिटारवाल्याने मागे वळून बघितलं, त्याला वाटलं कोणीतरी ड्रमर आणला. सिंथेटिक तारा पण आल्या, फक्त ई तारेची खाच करून घ्यावी लागली. गुडघ्याची आयडिया बेस्ट, पण गुडघ्याला निळा डाग पडलाय. शनिवारी पहिलं गिग आहे पबमध्ये, पंचेचाळीस मिनिटांचं, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना आताच फोड आलेत. कुठली टेप लावता तुम्ही?

नाशिकचा_बाळू:
खेळाडू लावतात ती पांढरी झिंक ऑक्साइडची. साधी बँडएड घामाने सुटून तिसऱ्या गाण्यात पब्लिकमध्ये उडते. फोड फोडू नकोस, आणि टेप सांध्यावर नको, नाहीतर बोट वाकणार नाही.

प्लायवूडप्रेमी:
रेकॉर्डिंग टाक शनिवारचं. ऐकून शिव्या घालायला तयार आहे.