साखरपुड्याची अंगठी: हेलो, पावे, कॅथिड्रल म्हणजे नक्की काय? सल्ला हवा

उशिरा_सुचलेला
मंडळी, पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. काल आईबरोबर सराफाकडे गेलो. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "हेलो बघू की सॉलिटेअर? पावे चालेल? कॅथिड्रल?" मी सगळं कळल्यासारखी मान हलवली आणि फोटो काढून घरी आलो. बजेट सव्वा लाख. ती नर्स आहे, दिवसभर ग्लोव्हज घालते-काढते. तिचं म्हणणं एवढंच, "रोज घालता येईल अशी घे, कपाटात ठेवायची नको." सोनं २२ कॅरेटच हवं हा आईचा हट्ट. काय बघून घेऊ?

तिखट_शेव
आधी तिला घेऊन जा रे बाबा. सरप्राइजच्या नादात माझ्या भावाने आणलेली अंगठी पेरातच अडकली. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत तो अंगठी ढकलतोय आणि वहिनी दात-ओठ खात हसतेय.

कोंदणवाला
२६ वर्षं खडे बसवलेत, म्हणून जरा लांबण लावतो. नावांना घाबरू नका. बोटाभोवतीची कडी, वर खड्याचं घर आणि दोन्ही जोडणारे खांदे, एवढीच अंगठी असते. एकटा खडा असेल तर सॉलिटेअर. त्याभोवती बारीक हिऱ्यांची कडा आली की हेलो. कडीवरच बारीक हिरे दाटीने पेरले की पावे. खांदे कमानीसारखे चढून खड्याला टेकले की कॅथिड्रल. झालं!

आता मुद्द्याचं. अंगठी वरून बघून भुलू नका, आडवी धरा. खडा बोटापासून किती उंच आलाय ते बघा. उंच घर झोकदार दिसतं, पण ग्लोव्हजमध्ये तेच अडकणार. हिरा धरणाऱ्या काट्यांना दुकानात प्रॉन्ग म्हणतात. चार काटे असले तर हिरा जास्त उघडा दिसतो, पण एक वाकला की जीव टांगणीला. सहा असले तर तेवढी धाकधूक नाही. अंगठी ओढणीवरून फिरवा, धागा ओढला गेला तर खाली ठेवा. तुमच्यासाठी मी बंद कोंदणच सांगेन, म्हणजे खड्याभोवती सोन्याची पूर्ण कडा. पावे नकोच, रोजच्या वापरात एखादा बारीक खडा कधी गळला ते कळतही नाही. आणि कडी तळहाताच्या बाजूने बघा. वजन वाचवायला तिथेच पातळ करतात आणि झिजतेही तिथेच.

आईंना सांगा, २२ कॅरेट बांगडीला उत्तम, पण मऊ. काटे लवकर सैल पडतात. हिऱ्याला १८ घ्या, त्यातही ७५ टक्के सोनं असतंच.

चमचम
बंद कोंदणात हिरा लहान दिसतो हो! दोन बाजूंना कोंदण आणि दोन बाजू उघड्या, असंही मिळतं. तेही बघा.

उशिरा_सुचलेला
आभार! आई आता म्हणते, हिरा नको, पाचू घे, शुभ असतो.

कोंदणवाला
पाचू लॉकेटमध्ये घाला. त्यात मुळातच बारीक भेगा असतात आणि बहुतेक पाचूंना त्या झाकायला तेल दिलेलं असतं. दिवसभर सॅनिटायझर लागला तर रया जाईल. मोतीही नको, फार मऊ.

पै_न_पै
बिलाचं मी सांगतो, कारण ठेच लागलीये. एका दुकानाने मला खड्यांसकट वजनाला सोन्याचा भाव लावला होता, घरी आल्यावर लक्षात आलं. निव्वळ सोनं, हिऱ्याचं वजन, घडणावळ, ३ टक्के जीएसटी, सगळं वेगवेगळं लिहून घ्या. अंगठीच्या आत १८के७५० आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क क्रमांक, असेल, तो बीआयएस केअर ॲपवर तिथेच तपासा. हॉलमार्क फक्त सोन्याची हमी देतो, हिऱ्याची नाही. त्याचं प्रमाणपत्र वेगळं घ्या आणि हिरा खाणीतला की लॅबमधला हे बिलावर लिहून मागा.

रात्रपाळी
मी नर्स आहे. तिला आधी विचारा, तिच्या वॉर्डात ड्युटीवर खड्याची अंगठी चालते का? आमच्याकडे फक्त साधं वळं चालतं, आयसीयूत तेही नाही. खड्याखाली साबण आणि घाण साचते. माझी हिऱ्याची लॉकरमध्ये आहे, बोटात वळं.

उशिरा_सुचलेला
विचारलं. साधं वळंच चालतं म्हणाली. वर म्हणे, "आजीच्या बोटात वेढं होतं, तसं मिळेल का?"

कोंदणवाला
मिळेल, पण वेढं म्हणजे तारेचे वळसे, फटीत साबण अडकणार. ड्युटीला सपाट, कडा गोल केलेलं वळं घ्या. ते २२ मध्ये चालेल, आई खूश. उरलेल्या पैशांत छोटा हिरा, सुट्टीच्या दिवसासाठी. माप संध्याकाळी द्या, सकाळी बोटं बारीक असतात. पट्टी रुंद असेल तर अर्ध्या मापाने सैल. आणि जाताना एक ग्लोव्ह खिशात टाका, दुकानातच वरून चढवून बघू दे तिला.