नवीन घराची लाईट फिटिंग

दादा: सोमवारपासून गिलावा सुरू होते. ज्याले जे पॉइंट पाहिजे ते रविवारपर्यंत सांगा, मांगून झिरी मारू म्हणाल तर मी ऐकणार नाही

ताई पुणे: आईची ट्रेडमिल पुढच्या महिन्यात येतेय. टीव्हीसमोरच ठेवा, सिरियल बघत चालेल ती

काकाजी: खेड्यात चालाची मशीन? वावर काय कमी पडलं काय

वहिनी: काकाजी, शुगर हाय त्याईले, डॉक्टरनं रोज चालाले सांगतलं. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चप्पल रुतून बसते अन् मे मधी तर सकाळी आठलेच बाहेर निघवत नाही

दादा: कूलरचा पॉवर प्लग हाय ना तिथं, त्यावर लावू

मी: तोच तर घोळ हाय दादा. काल मी पाहून आलो, वायरमननं कूलर, टीव्ही अन् तो प्लग सारं एकाच लूपमधी घेतलं. ट्रेडमिलची मोटर २ एचपी, म्हणजे ७४६ दुणे जवळपास १५०० वॅट, २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर तर हेच झाले, मोटर स्वतः खाते ते वेगळं अन् उचलताना अजून जास्त खेचते. डीबीपासून, म्हणजे घराच्या मेन बोर्डापासून, डायरेक्ट वेगळी लाईन पाहिजे तिले. अन् न्यूट्रलही वेगळा, नाहीतर हे लोक फेज वेगळा आणतात अन् न्यूट्रल मधातल्या बोर्डातून जोडून मोकळे होतात

दादा: वायर कोणती? त्यानं अडीच एमएम आणली

मी: अडीचनं भागते तसं. पण डीबी समोरच्या ओसरीत अन् खोली पार मांगं, त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडते, म्हणून ४ एमएमच घे. प्लग १६ चा, एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडते ते बटन) १६ ची पण सी टाईप, बी टाईप लावली तर मोटर सुरू होताना पडू शकते

काकाजी: जुन्या घरी एका फ्यूजवर सारं चाललं बाप्पा

वहिनी: चाललं ना, फ्यूजमधी जाड तार गुंडाळली होती म्हणून 😄 बोर्ड काळा झाला तो विसरले काय

मी: काकाजी एमसीबीनं वायर वाचते, माणसाले झटका बसला तर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडते ते बटन) पडते. दोन्ही लागतात. अन् अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात बादलीभर पाणी टाकत जा, आपली जमीन वाळून भेगाळली की अर्थिंग नावापुरतीच रायते

ताई पुणे: लाईट गेली तर? आई पट्ट्यावर असताना?

मी: पट्टा थांबते, म्हणून दांडी धरून चालाचं, अन् ती लाल क्लिप पदराले लावाची. इन्व्हर्टरवर ट्रेडमिल बिलकुल नाही. टीव्ही, साऊंडबार, वायफाय याईची लाईन वेगळी काढून ती इन्व्हर्टरवर घेऊ. टीव्हीमांगं एक रिकामा पाईपही टाकून ठेव, स्पीकरच्या अन् डिशच्या वायरी लाईटच्या पाईपात कोंबू देऊ नको, स्पीकर गुणगुणतात मंग. अन् विजा कडाडल्या की प्लगासोबत डिशची वायरही काढाची, निसता प्लग काढून भागत नाही

दादा: वायरमन फोन उचलून नाही रायला. घरीच जातो त्याच्या. ४ एमएम किती मीटर लागन?

मी: वरून फिरवून १४ मीटर भरलं. फेज अन् न्यूट्रल मिळून २८, वरचे दोन-तीन धर. अर्थिंगची हिरवी वेगळी

वहिनी: दर्यापूरले जातच हाय तर कूलरचा घासही घेऊन येजा