नक्षीचा कागद आणि बिघडलेले पहिले भेटकार्ड : तुमचे अनुभव

माळ्यावरची पेटी
गेल्या रविवारी माळा आवरताना आत्याच्या पत्र्याच्या पेटीत, मी सातवीत असताना तिला दिवाळीला पाठवलेले कार्ड सापडले. दर्शनी बाजूस जुन्या लग्नपत्रिकेचा सोनेरी वेलबुट्टीचा कागद, आत फुलाफुलांचा भेटवस्तू गुंडाळायचा कागद आणि कडेने मोरपिसांची पट्टी, अशी नक्षीवर नक्षी मी चढवली होती. परिणामी ‘शुभ दीपावली’ लिहायला जागाच उरली नव्हती. ती अक्षरे मागच्या कोपऱ्यात कोंबलेली आहेत. आता भाची त्याच वयाची आहे आणि तिला वाढदिवसाला नक्षीच्या कागदांचा गठ्ठा मिळाला आहे. तिच्या हाती कात्री देण्यापूर्वी तुमची पहिली कार्डे कशी बिघडली, ते वाचायला आवडेल.

पापडवाली
आमच्याकडे सगळा दोष पांढऱ्या गोंदाचा, म्हणजे खरे तर तो सढळ हाताने लावणाऱ्या माझा होता. त्यातले पाणी पातळ कागद पितो, त्याचे तंतू फुगतात, आणि वाळताना तो आक्रसून खालच्या कार्डशीटलाही (कार्डाच्या जाड कागदालाही) ओढून घेतो. सकाळी पाहावे तर बारा कार्डे उन्हातल्या पापडांसारखी वळलेली! तेव्हापासून मी कडांना दुहेरी चिकटपट्टी व मध्ये ग्लू स्टिक वापरते, आणि रात्रभर जाड शब्दकोशाखाली दाबून ठेवते.

साडेतीन मिलिमीटर
भाचीला मोजमाप मात्र आधी शिकवा. ए४ आकाराची, साधारण २५० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाची) कार्डशीट मधोमध कापून तो अर्धा भाग दुमडला, की १०५ × १४८ मिलिमीटरचे कार्ड होते. त्यावर नक्षीचा तुकडा ९५ × १३८ चा घेतला, तर चारही बाजूंना ५ मिलिमीटर साधी किनार राहते आणि ती किनारच नक्षीला उठाव देते. मी पहिल्या वेळी दोन्ही कागद एकाच मापाचे कापले होते. हात किंचित हलला आणि एका बाजूला साडेतीन मिलिमीटर कागद बाहेर डोकावू लागला. तिथून माझे हे नाव पडले. दुमडण्याच्या रेषेवर आधी पट्टी धरून, शाई संपलेले बॉलपेन दाबून ओढावे, म्हणजे घडी सरळ बसते.

घडीमोड
वरील प्रतिसादास जोडून सांगतो, की नक्षीचा कागद घडीवरून मागेपर्यंत गुंडाळू नये. छापील कागदाचा गाभा बहुधा पांढरा असतो, त्यामुळे घडीवर छपाई तडकते आणि गडद रंगावर पांढरी भेग उठून दिसते.

शीर्षासन
सासऱ्यांच्या एकसष्टीला मी हत्तींच्या रांगांचा कागद वापरून कार्ड केले. ते पुस्तकासारखे उघडावे अशी योजना होती; पण घाईत कोणती बाजू वर हे न पाहताच तुकडा चिकटवला. बाबांनी चष्मा वर करून कार्ड निरखले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “सूनबाई, हत्ती योगासने करू लागलेले दिसतात.” नवशिक्यांनी ठिपके, रेघा, चौकडी अशा कोणत्याही बाजूने चालणाऱ्या नक्षीपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

परदेशी टपाल
अमेरिकेत नक्षीच्या कागदांचे ६ × ६ इंचांचे गठ्ठे सर्रास मिळतात, म्हणून मी उत्साहाने चौरस कार्डे केली. येथे चौरस पाकिटाला जादा टपालखर्च पडतो, हे मला पाकिटे भरून झाल्यावर कळले. लहान कार्डावर फार मोठी फुले घेऊ नयेत, हेही तेव्हाच लक्षात आले. एका तुकड्यात फक्त दीड पाकळी आली होती आणि आईला तो भोपळ्याचा काप वाटला.

शिवाजीनगरकर
पुण्याच्या शिवाजीनगर भागात १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तिथला पाकळ्या घातलेला कागद आणून मी पहिले कार्ड केले. कागद इतका देखणा होता की वर काहीही चिकटवले नाही, पण शाईच्या पेनाने थेट त्यावर मजकूर लिहिला आणि अक्षरे पसरली. खरबरीत हातकागद दर्शनी ठेवावा आणि मजकुरासाठी आत गुळगुळीत पांढरा कागद लावावा.

पापडवाली
@शीर्षासन, ते हत्तींचे कार्ड अजून आहे का?

शीर्षासन
आहे तर! बाबांनी ते स्वतः उलटे करून देवघराशेजारी लावले आहे. हत्ती आता सरळ चालतात. ‘अभीष्टचिंतन’ मात्र उलटे वाचावे लागते.

माळ्यावरची पेटी
सर्वांचे आभार. काल भाचीला माप घालून दिले, बॉलपेनाने घडीही पाडली. पण मोरांचा कागद समोर येताच तिने कात्री खाली ठेवली, कारण “हा संपला तर?” शेवटी त्याच्या मागच्या बाजूवर कापायचा सराव करू, अशी समजूत घालत होते, तर तो कागद दोन्ही बाजूंनी छापलेला निघाला.