मदत हवी आहे: तलावाच्या पाण्याचा डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) १३ येतोय. प्रयोग चुकला की पाणीच तसं आहे?

तळ्याकाठी
नमस्कार मंडळी. बीएससी पर्यावरणशास्त्र, दुसरं वर्ष, ठाणे. प्रकल्प पाण्याच्या गुणवत्तेवर आहे: ठाण्यातला एक तलाव आणि ऐरोलीच्या बाजूची खाडी. आकडे जुळत नाहीयेत आणि पुढच्या आठवड्यात व्हायव्हा आहे.

तलाव: दुपारी अडीच, पाणी २८ अंश, रंग हिरवट. विंकलर पद्धत (ऑक्सिजन रसायनांनी बांधायचा म्हणजे फिक्स करायचा, ॲसिड घालून तेवढं आयोडीन सोडवायचं आणि ते थायोसल्फेटने मोजायचं), अझाइडवाली. बीओडीची (जिवाणू घाण कुजवताना किती ऑक्सिजन खातात त्या चाचणीची) बाटली पाण्याखालीच भरून काठावर फिक्स केली, तर डीओ १३.२ मिग्रॅ/लि. त्याच जागचं पाणी बादलीने काढून, कॅनमधून कॉलेजात नेऊन बाटली भरली, तर ९.६. तक्त्यात २८ अंशांना संपृक्तता ७.८३ दिलीय. मग दोन्ही आकडे चूकच ना?

काठावर भरलेली जोडीची बाटली विरल न करता २७ अंशांना तीन दिवस ठेवली होती. शेवटचा डीओ शून्य. बीओडी १३.२ लिहू का?

खाडी: बाटलीत साका (रसायनं घातल्यावर तळाशी बसणारा गाळ) पांढराच राहिला, तपकिरी झालाच नाही. रसायनं खराब झाली असतील का? सीओडी (डायक्रोमेटने मोजलेली ऑक्सिजनची मागणी) तर हजारांत गेला.

शेवटचा_थेंब
तक्त्यातला ७.८३ हा हवेशी समतोल साधलेल्या पाण्याचा आकडा आहे, कमाल मर्यादा नव्हे. हिरव्या पाण्यातलं शेवाळ भर दुपारी ऑक्सिजन इतक्या वेगाने सोडतं की तो हवेत निसटायला वेळ पुरत नाही. त्यामुळे १३ अशक्य नाही. पण त्यावर विश्वास ठेवण्याआधी थायोसल्फेट तपास. ते जुनं होऊन कमजोर झालं की तेवढ्याच आयोडीनला जास्त मिली लागतात आणि डीओ फुगतो.

०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटसाठी पंचहायड्रेट ६.२०५ ग्रॅम आणि सोडियम हायड्रॉक्साइड ०.४ ग्रॅम, उकळून गार केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात, एकूण १ लिटर. अल्कली नसेल किंवा पाणी न उकळता घेतलं असेल तर जिवाणू ते खातात. ताकद ठरवायला वाळवलेलं पोटॅशियम डायक्रोमेट १.२२६ ग्रॅम, १ लिटरमध्ये. १०० मिली पाण्यात २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, थोडं सल्फ्युरिक ॲसिड, त्यात हे डायक्रोमेट पिपेटने २० मिली. पाच मिनिटं अंधारात ठेवून २०० मिलीपर्यंत पाणी घाल आणि टायट्रेट कर, म्हणजे आयोडीनचा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट थेंबाथेंबाने घाल. थायोसल्फेट बरोबर २० मिली लागायला हवं. जास्त लागलं तर तेवढ्या प्रमाणात डीओ कमी कर.

चूक होण्याची दुसरी जागा ॲसिड घातल्यानंतरची. आम्ल, आयोडाइड आणि ऊन एकत्र आले की हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप आयोडीन सुटत राहतं. ॲसिड घातलेली बाटली खिडकीत ठेवून डबा खायला गेलात तर आकडा वाढलेलाच मिळणार. फिक्स केलेला साका (म्हणजे ॲसिडच्या आधीची बाटली) अंधारात, थंड चालतो. ॲसिड टायट्रेशनच्या ऐन वेळी.

किती मिली टायट्रेट केलंस? ३०० मिलीच्या बाटलीत मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी २ मिली घातलं की ४ मिली नमुना बाहेर सांडतो. म्हणून २०० नाही, २०३ मिली घ्यायचे. तेव्हाच १ मिली थायोसल्फेट म्हणजे १ मिग्रॅ/लि. स्टार्च फिकट पिवळा रंग आल्यावरच. आधी घातला तर आयोडीन स्टार्चला चिकटून बसतं आणि शेवट रेंगाळतो. रंग गेल्यावर थोड्या वेळाने निळा परत आला तर तिकडे बघायचं नाही.

तळ्याकाठी
धन्यवाद. २०३ मिलीच घेतले होते, ॲसिड घालून लगेच टायट्रेट केलं. थायोसल्फेट मात्र मागच्या सत्रातलं निघालं. आज २० मिली डायक्रोमेटला २३.२ मिली लागलं.

शेवटचा_थेंब
मग थायोसल्फेट ०.०२१६ नॉर्मलचं आहे. १३.२ गुणिले २०, भागिले २३.२, म्हणजे ११.४. संपृक्ततेच्या साधारण १४५ टक्के. दुरुस्तीनंतरही अतिसंपृक्त, म्हणजे शेवाळाचं खरं आहे.

आता बादलीचा आकडा तसाच दुरुस्त कर: ९.६ चे होतात ८.३. बादली, कॅन, प्रवास यात पाणी ढवळलं आणि जास्तीचा ऑक्सिजन उडून डीओ ७.८३ कडे सरकला. ढवळलेलं पाणी नेहमी संपृक्ततेकडेच जातं, वरून खाली किंवा खालून वर. खाडीचं पाणी बादलीने काढलं असतंस तर तिथे नसलेला ऑक्सिजन दिसला असता. प्रकल्पात बादलीचा आकडा टाकून देऊ नकोस. नमुना घेण्याच्या पद्धतीतली चूक म्हणून दोन्ही शेजारी मांड. परीक्षक प्रश्न तिथेच विचारतील आणि उत्तर तुझ्याकडे तयार असेल.

वितळबिंदू
बीओडीबद्दल. १३.२ लिहू नका, दुरुस्त ११.४ पण लिहू नका. शेवटचा डीओ शून्य म्हणजे ऑक्सिजन कधी संपला ते कळत नाही. पहिल्या दिवशीही संपला असेल. चाचणी ग्राह्य धरायला किमान २ मिग्रॅ/लि घट आणि शेवटी किमान १ शिल्लक, दोन्ही हवं.

अतिसंपृक्त पाणी थेट लावायचं नाही. २७ अंशांना आणून अर्धवट भरलेल्या बाटलीत हलवा, डीओ ८ च्या आसपास उतरू द्या, मगच पुढे. ३०० मिलीच्या बाटल्यांत नमुना ३०, ६० आणि १५० मिली असा घ्या, बाकी विरलन पाणी. त्यात लिटरमागे फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड, फेरिक क्लोराइड यांचं प्रत्येकी १ मिली द्रावण. समजा ६० मिलीच्या बाटलीत ७.६ वरून ४.१ झाला, तर ३.५ भागिले ०.२, म्हणजे १७.५. नुसत्या विरलन पाण्याची घट ०.२ च्या वर गेली तर पाणी किंवा काचसामान अस्वच्छ, सगळी बॅच रद्द.

इन्क्युबेटरमध्ये उजेड नको, शेवाळ पुन्हा ऑक्सिजन करू लागेल. अंधारात ते उलट ऑक्सिजन खातं, त्यामुळे तुमच्या बीओडीत सांडपाण्याइतकाच शेवाळाचाही वाटा असू शकतो. गाळलेला आणि न गाळलेला, दोन्ही लावले तर फरक दिसेल. आणि गुरुवारी लावू नका, तीन दिवसांनी रविवार येतो.

खाडीवारा
खाडीचं मी सांगतो. आधी नळाचं पाणी अर्ध्या बाटलीत जोरात हलवून त्यावर तीच रसायनं वापरून बघ. तपकिरी साका आला तर रसायनं ठणठणीत आहेत आणि खाडीत त्या वेळी, त्या जागी ऑक्सिजन नव्हता. मँगनीज हायड्रॉक्साइड मुळात पांढरंच असतं. तपकिरी रंग ऑक्सिजनमुळे येतो. कुजक्या अंड्याचा वास होता का? सल्फाइड आयोडीन खाऊन आकडा आणखी खाली ओढतं, त्यामुळे वासाची नोंद कर.

भरती-ओहोटीची वेळ लिहिली नसेल तर तो नमुना निम्मा वाया. ओहोटीला नाल्यांचं पाणी असतं, भरतीला समुद्राचं. दोन्ही वेळा घे, क्षारता मोज. गोड्या पाण्याचा तक्ताही इथे चालणार नाही: ३० अंशांना गोड्या पाण्याची संपृक्तता साडेसात, समुद्राच्या पाण्याची सव्वासहाच्या आसपास.

सीओडी सोडून दे. डायक्रोमेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइज करतं. मर्क्युरिक सल्फेटने ते बांधता येतं, पण क्लोराइड २००० मिग्रॅ/लि च्या वर गेलं की नेहमीची पद्धत चालत नाही, आणि समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या घरात असतं. तुझे हजार बहुतेक मिठाचे आहेत. झालेला कचरा (पारा, चांदी, क्रोमियम) सिंकमध्ये ओतू नका. अझाइडही नाही: ॲसिडशी विषारी वायू, तांब्या-शिशाच्या पाइपात स्फोटक क्षार.

आणखी एक, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालंय, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. हद्दीच्या आत नमुने घ्यायचे तर वनखात्याची परवानगी आधी.

तळ्याकाठी
नळाच्या पाण्यात साका मस्त तपकिरी आला! वास होता, पण भरतीची वेळ लिहिली नव्हती. शेवटचा प्रश्न: केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या स्नानयोग्य पाण्याच्या निकषात डीओ ५ किंवा जास्त हवा. मग तलाव पास?

शेवटचा_थेंब
दुपारी अडीचला पास. रात्रभर तेच शेवाळ श्वसन करतं, त्यामुळे सर्वांत कमी डीओ सूर्योदयाच्या जरा आधी मिळतो. त्याच जागी, त्याच खोलीवर पहाटे साडेपाचला एक बाटली भर, टॉर्च आणि सोबत घेऊन. निकषात बीओडीही ३ किंवा कमी लागतो, तीन दिवस, २७ अंश. आणि थायोसल्फेट नवीन बनव.

तळ्याकाठी
उद्या पहाटे जाते. थायोसल्फेटचं पाणी उकळत ठेवलंय.