अडलं की कुणाला विचारायचं?

पानगळ:
काही अडलं की लोक आता शेजारच्या माणसाला विचारेनासे झालेत. २०२२च्या नोव्हेंबरात प्रश्नांना उत्तरं देणारं चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून हे फारच जाणवतं. नव्याने कामाला लागलेली मुलं मान खाली घालून बसतात, उत्तर मिळवतात, पुढे जातात. काम होतं, कुणाला त्रासही नाही. तरी मला हे बरं वाटत नाही. यंत्र चुकतं म्हणून नव्हे. उत्तर अगदी बरोबर असलं तरीही.

शिकत असताना गणितातली एक सिद्धता कळेना म्हणून मी वरच्या वर्गातल्या एकीकडे वही घेऊन गेले. विचारत होते शेवटच्या ओळीबद्दल. तिने वही पाहिली आणि बोट ठेवलं पार वर, जिथे मला काही शंका आहे असं मला वाटतच नव्हतं. "इथे काय धरलंयस ते सांग." सांगता येईना. खरी अडचण तिथे होती, आणि ती माझ्या चेहऱ्यावरून तिने आधीच ओळखली होती. पुढे आम्ही अभ्यासही एकत्र करू लागलो. प्रश्न विचारायला गेलं की ओळखही होते, ती आता होत नाही.

बाळं भाषा कशी शिकतात हे अभ्यासणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा प्रयोग आठवतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी मँडरिन ही चिनी भाषा बोलणारी माणसं समोर बसून बोलली, खेळली. दुसऱ्या बाळांना तेच पडद्यावर दाखवलं, काहींना नुसता आवाज ऐकवला. समोर माणूस असलेली बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. बाकीच्यांवर काही परिणाम झाला नाही. शिकण्याला माणूस लागतो, तो इतका मुळापासून.

सरळरेघ:
पानगळ, तुम्हाला वही बघणारी भेटली. सगळ्यांना भेटत नाही.

मी बोलताना अडखळतो. वर्गात हात वर करायचा म्हणजे वाक्य पुरं होईपर्यंत सगळे थांबून माझ्याकडे बघणार. म्हणून मी विचारणंच सोडलं होतं. आता संख्याशास्त्र शिकतोय. एकच शंका चार तऱ्हांनी विचारली तरी पलीकडून उसासा ऐकू येत नाही. आणि माझी सगळी आकडेमोड टाकली, तर यंत्रही वरच्या ओळीवर बोट ठेवतं. बऱ्याचदा बरोबर ठेवतं.

बाळांचा दाखला मोठ्यांना लावू नका. वाचता येणारा माणूस पुस्तक घेऊन एकटा शिकतोच की. आणि शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्येच मांडलं होतं की एकेकट्याला शिकवणारा शिक्षक मिळाला तर सर्वसाधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या बहुतेकांच्या पुढे जातो. प्रश्न एवढाच होता की असा शिक्षक प्रत्येकाला पुरवायचा कुठून.

ओलीशाई:
सरळरेघ, तुमची तळमळ पोचली. पण यंत्र हाताशी असणं आणि शिक्षक असणं यात फरक आहे, आणि तो मोजला गेलाय. तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट मिळालेल्या मुलांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ती मुलं चॅटबॉट कधीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली.

कारण उघड आहे. आठवण्यासाठी डोक्याला ताण द्यावा लागतो, तेव्हाच ते टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच दाखवलं होतं: पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवतं. गंमत नव्हे, काळजीची गोष्ट ही की वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त येतं असं वाटत होतं.

सरळरेघ:
त्याच प्रयोगात तिसरा गट होता, तो तुम्ही गाळलात. त्यांच्या चॅटबॉटला थेट उत्तर न देता फक्त इशारे द्यायला सांगितलं होतं. त्या मुलांचं नुकसान जवळपास झालं नाही. म्हणजे दोष यंत्राचा नाही, ते कसं बसवलं याचा आहे. मी स्वतः "उत्तर सांगू नकोस, पुढची पायरी विचार" असंच लिहून सुरुवात करतो.

तळटीप:
मला वेगळीच भीती आहे. २००८पासून प्रोग्रामर स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावर प्रश्न विचारायचे. एकाचं अडलेलं दुसरा सोडवायचा आणि ते पुढे हजारोंना सापडायचं. चॅटजीपीटीनंतर तिथले नवे प्रश्न झपाट्याने घटले. आता प्रत्येकाचा प्रश्न आणि उत्तर बंद खोलीत राहतं. लोक नेमके कुठे अडखळतात हे शिकवणाऱ्यांना कळायचा रस्ताच बुजतोय.

सरळरेघ:
हा मुद्दा वजनदार आहे. पण तिथे नवख्याचा प्रश्न "आधीच विचारला गेलाय" म्हणून कसा बंद केला जायचा, तेही आठवा. लोक तिथून उगाच निघून गेले नाहीत.

मधुमालती:
शिकण्यावरून जरा बाजूला जाते. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा प्रोग्राम केला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न करायचा, एवढंच त्याचं काम. तो कसा तयार होतोय हे कित्येक महिने पाहिलेल्या त्यांच्याच सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. इतक्या साध्या यंत्रापाशी हे झालं, तर आज रात्री दोन वाजता एकटं पडलेल्या पोराचं काय होत असेल? ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. पाळलं नाही तर दंड कंपन्यांना, मुलांना किंवा पालकांना नाही. जबाबदारी तिथे टाकली हे मला योग्य वाटतं. पण मुलं तिथून उठून चॅटबॉटपाशी जाऊन बसली, तर आपण काय मिळवलं?

सरळरेघ:
रात्री दोन वाजता त्या पोराचा फोन उचलणारं कुणी असतं, तर ते यंत्राकडे गेलं असतं का? पानगळ, तुम्हालाही हेच विचारायचंय. मान खाली घालून बसलेला तो नवा मुलगा तुम्हाला दिसतो. तुम्ही उठून त्याच्याकडे जाता का? माझ्याकडे कुणी आलं नव्हतं.

पानगळ:
जाते. "काही अडलंय का?" विचारलं की "नाही, झालंच" म्हणतो आणि पडद्यावरची चॅटची खिडकी बंद करतो. म्हणून हल्ली मी "हे कसं केलंस ते मला दाखव" म्हणते. मग खुर्ची सरकवून जागा देतो, आणि सांगता सांगता मध्येच थांबतो. तिथे आमचं बोलणं सुरू होतं. याला वेळ लागतो, आणि तो कामाच्या हिशेबात कुठेच धरला जात नाही. "यंत्र आहे ना, त्याला विचारू दे, तुम्ही तुमचं काम करा" असं वरून सांगतात. तेव्हा मला भांडावं लागतं, आणि मी भांडते.